लिव्हरची गाठ लहान करण्याच्या उपचारांसाठी मदतीचं आवाहन

लिव्हरच्या कॅन्सरमध्ये नवं लिव्हर बसवण्याच्या, म्हणजे रोपणाच्या, ऑपरेशनसाठी हात पसरला की लोक देतात. त्याआधी गाठ आटोक्यात आणण्यात जे चार-सहा महिने जातात, त्यांच्यासाठी मात्र पैसा उभा राहत नाही, आणि रुग्ण गळतो तो नेमका तिथेच. म्हणून मंडळाचा यंदाचा निधी फक्त या टप्प्यासाठी आहे.

गाठ फार मोठी असताना रोपण केलं तर नव्या लिव्हरमध्येही कॅन्सर उलटण्याचा धोका मोठा असतो. १९९६ साली मिलानच्या डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा आजही धरली जाते: एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येकी ३ पर्यंत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. काही केंद्रं थोडी सवलत देतात. यापलीकडच्या रुग्णाला दार बंदच, असं मात्र नाही. इटलीतल्या एका अभ्यासात (२०२०) गाठ आटोक्यात आल्यावर रोपण झालेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के पाच वर्षांनी हयात होते. रोपण न झालेल्यांपैकी ३१ टक्के.

निरोगी लिव्हरला बरंचसं रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, गाठीला मात्र धमनीतून. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी त्या धमनीत नेऊन केमोचं औषध सोडतात आणि गाठीची रक्ताची वाट बुजवतात. हीच टेस. चार-सहा आठवड्यांनी तीन फेजचा, म्हणजे शिरेतून डाय देऊन तीन वेळा टिपलेला, सीटी किंवा एमआरआय होतो. त्यात गाठीचा डाय शोषणारा जिवंत भाग तेवढाच मोजतात. ६ सेंटीमीटरच्या गाठीत तो २ सेंटीमीटरच उरलेला असू शकतो. पैसे वाचवायला गावात केलेली साधी सोनोग्राफी इथे चालत नाही, उलट तोही खर्च वाया जातो. शिवाय रक्तातलं एएफपी, म्हणजे गाठीचा माग देणारं प्रथिन, उतरलं का, आणि पुढचे किमान तीन महिने गाठ तशीच राहते का, हे बघावं लागतं. बरं वाटतंय म्हणून याच काळात रुग्ण फिरकत नाहीत.

टेसनंतर काही दिवस ताप, मळमळ आणि पोटात दुखणं अपेक्षित असतं. डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, बोलण्यात गोंधळ होणं मात्र नाही. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा घटक, चढलं की पुढची टेस लांबते. ज्यांना लिव्हरचा हिपॅटायटिस बी हा संसर्ग आहे, त्यांची त्यावरची रोजची गोळी पैशाअभावी बंद झाली तर दुखणं उसळून सगळी मेहनत पाण्यात जाते.

म्हणून आम्हाला हवं आहे ते असं. स्कॅन, एएफपी आणि गोळ्यांचा खर्च, जो आम्ही थेट रुग्णालयात किंवा दुकानात भरतो, रोख कोणाच्या हातात देत नाही. रुग्णालयाजवळ तळमजल्यावरची, स्वतंत्र संडास असलेली खोली, टेसनंतरच्या आठवड्यासाठी. घरचा डबा: मीठ बेताचं, लोणचं-पापड नको, पण डाळ, अंडं, दही भरपूर, रात्री झोपण्याआधीही काहीतरी पोटात जायला हवं. पथ्य म्हणून रुग्णाला उपाशी ठेवणारे नातेवाईक आम्ही रोज पाहतो.

लिव्हर विकत मिळवून देण्याबद्दल कृपया विचारू नये. तो गुन्हा आहे.

देणगी चेकने किंवा यूपीआयने द्यावी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही. खोली किंवा डबा देणाऱ्यांनी कोणते वार जमतील ते मंडळाच्या कार्यालयातल्या वहीत लिहून जावं.