'मिशन बघेल' म्हणण्याचे दिवस गेले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती संस्था म्हटली की तिच्यामागे परदेशी पैसा असणारच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आणि कितपत खोटी, या वादात मला आज भर घालायची नाही. मला खुपते ते हे की, हीच समजूत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्याही मनात घर करून बसली आहे. चर्चचे छप्पर गळते, पाळकांचा पगार थकतो, वसतिगृहातील मुलांची फी भरायची राहते, तेव्हा 'मिशन बघेल' हे वाक्य अजूनही ऐकू येते. मिशनरी आपापल्या देशी परत जाऊन दोन पिढ्या उलटल्या, तरीही. ख्रिस्ती माणसाने आपल्या मिळकतीतून सढळ हाताने का द्यावे याची कारणे आमच्या शास्त्रात आहेत, आमच्या इतिहासात आहेत आणि आजच्या परिस्थितीत तर ती अधिकच ठळक झाली आहेत. ती आमच्या लोकांनी वाचावीत आणि इतरांनाही कळावीत, म्हणून हे पत्र.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, देण्याचा विषय निघाला की बहुतेक वेळा बायबलमधील मलाखीच्या पुस्तकातील दशमांशाचे, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याचे, वचन वाचले जाते, थोडी भीती घातली जाते, थोडे आशीर्वादाचे आश्वासन दिले जाते आणि अर्पणाची थैली फिरते. दशमांशाची मूळ व्यवस्था कशासाठी होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. इस्राएल लोकांपैकी देवळाची सेवा करणाऱ्या ज्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नव्हता त्याच्या निर्वाहासाठी ती होती, आणि बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून ठेवायचा होता, तो लेव्यांबरोबर परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून. देवळाचा खर्च आणि भुकेल्यांचे पोट या दोन गोष्टी तेथे वेगळ्या काढलेल्याच नाहीत. येशूनेही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश काटेकोरपणे देणाऱ्यांना फटकारले ते दशांश दिल्याबद्दल नव्हे, तर तो देऊन न्याय आणि दया सोडून दिल्याबद्दल. नव्या करारात टक्केवारी ठरवून दिलेली नाही. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धे द्रव्य गरिबांना देऊ केले, तर मंदिरातील विधवेने दोन छोटी नाणी टाकली आणि तेवढीच तिची उपजीविका होती. मला विचाराल तर पगारदार माणसाने दहावा हिस्सा ही सुरुवात समजावी, आणि रोजंदारीवरच्या बाईकडून तो सक्तीने मागणे हा उघड अन्याय समजावा.

देण्यामागचे खरे कारण येशूचा प्रेषित पौल याने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सापडते. सुमारे इ. स. ५५च्या आसपासचा तो काळ. यरुशलेमेतील ख्रिस्ती लोक हलाखीत होते आणि त्यांच्यासाठी पौल ग्रीक प्रदेशांतील मंडळ्यांतून वर्गणी गोळा करीत होता. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले व्यापारी शहर, पैसा खेळता असलेले. तेथील मंडळीने वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने शब्द दिला होता आणि मग काम रेंगाळले होते. उलट उत्तरेकडील मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात असूनही, आम्हालाही यात वाटा घेऊ द्या म्हणून त्यांनी विनवण्या केल्या आणि शक्तीपलीकडे दिले. पौल करिंथकरांना हे सगळे सांगतो, पण हुकूम करीत नाही. मी आज्ञा म्हणून बोलत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. त्याचे म्हणणे एवढेच की, ख्रिस्त धनवान असता तुमच्याकरिता दरिद्री झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. जे मुळात मिळालेले आहे त्यातूनच द्यायचे आहे, अशी त्याची समज आहे. देवाची कृपा विकत घेण्यासाठी ख्रिस्ती मनुष्य देत नाही, कारण ती त्याला आधीच फुकट मिळालेली असते. म्हणूनच प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे पौल सांगू शकतो.

त्याच पत्रातील आणखी एक मुद्दा आमच्या उपदेशांतून जवळजवळ नाहीसाच झाला आहे. इतरांची सोय व्हावी आणि तुमची ओढाताण व्हावी असा माझा हेतू नाही, समानता व्हावी असा आहे, असे पौल म्हणतो. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरून निघावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. यात देणारा वरचा आणि घेणारा खालचा अशी उतरंड नाही. नंतरच्या काळातही ही चाल टिकलेली दिसते. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की, रविवारच्या उपासनेत ज्याला शक्य असेल तो स्वखुशीने देतो आणि जमलेल्या रकमेतून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील माणसे आणि परगावाहून आलेले पाहुणे यांची सोय होते. चौथ्या शतकातील रोमन सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक. पण जुन्या देवधर्माच्या आपल्या एका धर्माधिकाऱ्याला लिहिताना त्याने तक्रार केली आहे ती अशी की, हे लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच आणि वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने चिडून दिलेली ही कबुली मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाची वाटते.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, त्यामागे बॉस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेले रमाबाई असोसिएशन होते. दहा वर्षे खर्च उचलण्याचे वचन त्याने दिले होते आणि त्यासाठी अमेरिकेतील निरनिराळ्या गावांत बायकांची छोटी छोटी मंडळे वर्गणी जमवीत होती. ज्यांनी कधी हिंदुस्थान पाहिला नव्हता, पाहण्याची शक्यताही नव्हती, त्या बायकांच्या किरकोळ वर्गणीतून येथील बालविधवा शिकल्या. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि आमच्या नगर भागात तर १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा आणि दवाखाने उभे राहत गेले. त्यामागे काही बड्या देणग्या असतीलही. पण या मिशनांची नेहमीची मिळकत तिकडच्या गावोगावच्या चर्चमधील साध्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, विधवांच्या रविवारच्या अर्पणांतून येत असे. माझ्या पिढीतील मराठी ख्रिस्ती माणसाला मास्तर, परिचारिका, कारकून किंवा डॉक्टर होता आले, त्याच्या मुळाशी हा पैसा आहे. मिशनरी कामाची चिकित्सा जरूर व्हावी आणि ती झालीही आहे. परंतु ज्या दानाने आपण उभे राहिलो त्याचा फक्त उपभोग घ्यायचा आणि पुढे काहीच द्यायचे नाही, हे कोणत्या हिशोबात बसते?

परावलंबनाची ही खंत नवी नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षे मिशनच्या चाकरीत काढली आणि १९१७ मध्ये ती चाकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र संघ काढला. आपली मंडळी परक्याच्या पैशावर उभी राहिली तर ती या मातीत रुजणार नाही, ही त्यांची तळमळ होती. शंभराहून अधिक वर्षे लोटली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, कारभार आमच्या हाती आला. देण्याची सवय मात्र त्या प्रमाणात अंगवळणी पडली नाही, हे कबूल करावे लागेल.

आणि आता ती टाळण्याची सोयही उरलेली नाही. परदेशी अंशदान विनियमन कायद्यात सप्टेंबर २०२०मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी देणगी प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच स्वीकारावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेला मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली. यातील शेवटच्या तरतुदीने खेड्यापाड्यांतील लहान संस्थांची वाट बंद केली, कारण मोठ्या संस्थेमार्फतच त्यांच्यापर्यंत काही पोहोचत असे. ही दुरुस्ती योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. वस्तुस्थिती बदलत नाही. दुसरीकडे, १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित कुटुंबातून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शीख दलितांचा त्या आदेशात १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झालेला नाही. गावातील एकाच परिस्थितीतल्या दोन घरांपैकी एका घरच्या मुलीला जी शिष्यवृत्ती मिळते ती दुसऱ्या घरच्या ख्रिस्ती मुलीला मिळत नाही. हा प्रश्न न्यायालयात आणि संसदेत सुटायचा तेव्हा सुटेल. तोवर त्या मुलीची बारावीनंतरची फी पुण्या-मुंबईत चांगल्या पगारावर असलेल्या तिच्याच समाजातील लोकांनी भरायची नाही, तर कोणी भरायची?

'आम्ही गरीब समाज, आम्ही काय देणार' या उत्तराला मिझोरामच्या बायकांनी केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. तेथे स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ बाजूला काढून ठेवतात. बुहफाई थाम म्हणतात त्याला. चर्चची माणसे तो तांदूळ गोळा करतात, विकतात आणि त्यातून सुवार्तिकांचे व समाजसेवेचे काम चालते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही प्रथा अखंड चालू आहे. महाराष्ट्राला तर यात शिकण्यासारखे परके काहीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे वसतिगृह असेच लोकांच्या धान्यावर आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मोडलेल्या दागिन्यांवर चालले.

देण्याबाबत एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. हल्ली काही वक्ते व्यासपीठावरून आणि मोबाईलवरून सांगत असतात की, इतके द्या म्हणजे देव शंभरपट परत करील, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल. ऐकणारा बहुधा कर्जात बुडालेला असतो आणि वक्ता मोटारीतून उतरलेला असतो. हे दान नव्हे, सट्टा आहे. आणि त्याला शास्त्राचा आधार आहे असे सांगणे ही दिशाभूल आहे. पौलाने स्वतः वर्गणी एकट्याने हाताळली नाही. एवढी मोठी रक्कम नेताना कोणी दोष लावू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली, आणि केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते करण्याची आम्ही खबरदारी घेतो, असे लिहून ठेवले. आमच्या अनेक विश्वस्त संस्थांतील मालमत्तेचे वाद वर्षानुवर्षे कोर्टात पडून आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशोब तपासून घेणे बंधनकारक आहे. पण धर्मादाय आयुक्तांकडे कागद सादर केला म्हणजे मंडळीच्या माणसाला हिशोब कळला असे होत नाही. घोटाळ्यांमुळे देत नाही, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे असे की, जो देतो त्यालाच हिशोब मागण्याचा अधिकार असतो, आणि जेथे कोणीच मनापासून देत नाही तेथे विचारणाराही कोणी उरत नाही.

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळ्यांत भाजी, कोंबड्या, धान्य आणले जाते, लिलाव होतो, एखादा भोपळा हौसेने बाजारभावाच्या दसपट किमतीला जातो आणि तो दिवस आनंदात सरतो. मला तो सण प्रिय आहे. पण पौलाने करिंथकरांना सांगितलेली रीत याहून साधी होती: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही काढून आपल्याजवळ ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गणीची धावपळ होणार नाही. महिन्याच्या पगारातून हप्ता आणि किराणा वजा जातो तसा हा हिस्साही आधीच वजा गेला, तर उरलेल्यातून द्यायचे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. निदान नगर, नाशिक, पुणे आणि मुंबई येथील मोठ्या मंडळ्यांनी येत्या हंगामाच्या सणापासून आपल्या अर्पणाचा ठराविक भाग ग्रामीण ख्रिस्ती मुलामुलींच्या उच्च शिक्षणासाठी वेगळा काढावा. कोणाला किती दिले, त्याची यादी मुलांची नावे न देता चर्चच्या फलकावर दर तीन महिन्यांनी लावावी, आणि ती तपासण्यासाठी पंचांबाहेरील दोन सामान्य सभासद, त्यांत एक तरी स्त्री, नेमावेत.

आपला,
एक मराठी ख्रिस्ती वाचक,
अहिल्यानगर