राग घेऊनच बस

म्हार्दोळ, गोवा
श्रावण

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या डायलिसिसचं, किडनी मिळण्यासाठी चाललेल्या प्रतीक्षेचं सगळं वाचलं. पण शेवटच्या ओळींवर अडखळलो. ‘तोंडाने आरती म्हणतो आणि पोटात राग असतो. हे ढोंग जमेना, म्हणून देवघरात जाणंच सोडलं,’ असं लिहिलंस. अरे, सोडायचीच तर आरती सोड. राग घेऊनच बस.

आमच्या म्हाळसेच्या देवळातल्या घंटेचं तू लहानपणापासून ऐकत आलायस. एरवी म्हणे तिला लोलकच नसायचा. कुणाला साक्ष द्यायची असली की तो लावायचा, घंटा वाजवायची आणि बोलायचं. खोटं बोलणाऱ्याला देवी शासन करते, ही लोकांची श्रद्धा. पोर्तुगीज अमदानीत त्या साक्षीला न्यायालयातही मान होता म्हणतात. जिच्यापुढे खोटं बोलायला अख्खा मुलूख भ्यायचा, तिच्यापुढे उभं राहून आपण ‘तुझ्या कृपेने सगळं ठीक आहे’ म्हणायचं? मला तर तेच पाप वाटतं.

भावाच्या आजारपणात आम्ही ग्रामदेवीचा कौल घेतला होता, ते तुला कधी सविस्तर सांगितलं नाही. भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही खाली बसून राहिलो. समईची वात चरचरत होती. आईची नजर एका पाकळीवर खिळलेली. मध्येच ती पाकळी जराशी सरकायची आणि पुन्हा चिकटून राहायची. आईचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. आई रडली, आम्ही पेढे वाटले.

तरी भाऊ गेला.

सुतक फिटल्यावर मी एकटाच देवळात गेलो. हात जोडले नाहीत. म्हटलं, ‘तू शब्द दिला होतास. आता आईला काय सांगू, ते तूच सांग.’ काही उत्तर आलं नाही, सुहास. मन हलकं झालं असंही नाही. पण पुढच्या सोमवारी पाय पुन्हा तिकडेच वळले. भांडणाचं राहिलेलं बोलायचं होतं. मी त्याला प्रार्थनाच म्हणतो, कुणी काहीही म्हणो.

आणि संतांसारखी भक्ती आपली नाही, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. तुकोबांची थोरली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. त्यानंतर ते विठ्ठलाशी गोडच बोलले का? भांडले, टाकून बोलले, पण बोलत राहिले. जनाबाईने तर शिव्याही घातल्या. आपणच त्यांना फोटोत बसवून गुळमुळीत करून टाकलंय.

म्हाळसा तरी इथली कुठे? 16व्या शतकात वेर्ण्याचं देऊळ मोडलं गेलं, तेव्हा लोकांनी तिला झुआरी नदीपलीकडे इकडे आणलं. ज्यांचं घरदार, शेतभात मागे राहिलं, ती माणसं तिच्याशी काय बोलली असतील? मला नाही वाटत ती नुसती स्तोत्रं म्हणत असतील.

गाऱ्हाणं घालताना आपल्याकडे सगळं नाव घेऊन सांगतात: कोण, कुठला, काय दुखतंय, काय हवंय. तूही तसंच सांग. वहिनींचं नाव घे. हाताला सुया टोचून टोचून काय झालंय ते सांग. फोन वाजला की छातीत धस्स होतं, तेही सांग. आणि ती किडनी कुणाच्या तरी घरच्या मरणातून येणार, या विचाराने तुला झोप लागत नाही म्हणालास ना, तेही लपवू नकोस. सुचलं नाही तर गप्प बस, पण उठून जाऊ नकोस.

‘देव परीक्षा पाहतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा दे आणि वाटेला लाव. मी ते वाक्य तुला कधीच ऐकवणार नाही.

मंगळवारी वहिनींना डायलिसिसला मी नेतो. सकाळी लवकर तुझ्याकडे साखळी गावात पोचेन. तू घरी थांब, थोडी झोप काढ. वहिनींना पथ्याचं काय चालतं ते फोनवर कळव, म्हणजे त्यांचा डबा इथूनच करून आणतो.

तुझा,
दत्ता