साहेब लग्नाला येतात, कामाला सापडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीचा हंगाम आला की आपल्यासह सगळ्याच वर्तमानपत्रांत ठरावीक फोटो दिसू लागतात. कुणी टपरीवर कटिंग घेतोय, कुणी गाड्यावर मिसळ खातोय, कुणी तालमीच्या कट्ट्यावर पोरांच्यात मांडी घालून बसलाय. खाली ओळ असते, 'नेत्याचा साधेपणा'. मिसळ कुणीही खावी, माझी त्याला हरकत नाही. पण साधा दिसणारा पुढारी गरजेच्या वेळी सापडतोच असं नाही, आणि आम्हाला तो सापडायला हवा आहे.

कोल्हापुरात पुढारी दिसत नाही, असं कुणी म्हणणार नाही. उलट तो सगळीकडे दिसतो. बारसं, वास्तुशांत, लग्न, रक्षाविसर्जन, काहीही चुकत नाही. कळंबा रोडवरच्या एका कार्यालयात नुकताच एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त साडेबाराचा. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजी घड्याळाकडे बघतायत आणि माइकवर एक कार्यकर्ता सांगतोय, 'साहेब पुलापर्यंत आलेत, दोन मिनिटं थांबूया.' घामेजल्या मुठीत तांदूळ धरून सगळं वऱ्हाड ताटकळलेलं. मुहूर्त टळून बराच वेळ गेल्यावर साहेब आले. मग त्यांना फेटा, नारळ, मुलीच्या वडिलांसोबत फोटो आणि माइकवरून चार शब्द. मंगलाष्टका संपायच्या आत गाड्या पुढच्या कार्यालयाकडे निघाल्यासुद्धा. साहेबांना नवरदेवाचं नाव कार्यकर्त्यानं कानात सांगावं लागलं होतं.

यात एकट्या साहेबांना दोष देऊन चालणार नाही. 'अमक्याच्यात आले, आमच्यात आले नाहीत' म्हणून पाच वर्षं रुसून बसणारी घरं याच शहरात आहेत. पत्रिका द्यायला जाताना आपणच बजावतो, साहेब, यायलाच लागतंय. बिचारा एका दिवसात दहा-बारा कार्यालयं पालथी घालतो. मग पाण्याच्या तक्रारीवर त्यानं बसायचं कधी? लग्नसराईत तो आम्हा सगळ्यांचा पाहुणा असतो आणि कामाच्या वेळी फोन त्यांचे पीए उचलतात: 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, व्हॉट्सॲपला टाका.' टाकतो. दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

या बाबतीत शाहू महाराजांचं नाव आपल्याकडे फार स्वस्तात घेतलं जातं. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराजांनी चहा घेतला, ही गोष्ट प्रत्येक भाषणात येते. पण तिचा अर्धाच भाग सांगतात. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून ज्या माणसाला मार खावा लागला, त्याला महाराजांनी स्वतःच्या पायावर उभं केलं. पण त्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येणार? म्हणून महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्याच्या दारात थांबवायचे, चहा मागवायचे आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यायला लावायचे. ज्या राजानं २६ जुलै १९०२ ला मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याचा हा चहा होता. त्यापायी त्यांनी बड्या लोकांचा रोष ओढवून घेतला. आजच्या टपरीवरच्या चहापायी कुणाचा रोष पत्करावा लागतो?

अलीकडचंच उदाहरण घ्यायचं तर प्रा. एन. डी. पाटील. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री राहिलेला हा माणूस वयाची ऐंशी ओलांडल्यावर कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरला आणि टोल हद्दपार होईपर्यंत मागे हटला नाही. त्यांचा स्वभाव काही गोडगोड नव्हता. बोलणं परखड, न पटलेलं तोंडावर सांगणार. तरीही लोकांना ते आपले वाटायचे. पुढाऱ्यानं सतत हसतमुखच असावं, हात जोडूनच उभं राहावं, हे खूळ आता फ्लेक्सवाल्यांनी आपल्या डोक्यात भरवलं आहे. 'हे काम माझ्याच्यानं होणार नाही' असं स्पष्ट सांगणारा परवडला. 'बघतो, करूया' म्हणत वर्ष काढणारा नको.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेव्हा आनंद झाला होता. दिवे गेले, ताफे राहिले. सणासुदीला महाद्वार रोडवर चालायला वाट नसते, तिथंही पाठोपाठ काळ्या काचांच्या गाड्या घुसतात. असो.

आमच्या शहराचं दुखणं स्वभावापेक्षा रचनेत जास्त आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्याआधी ८१ प्रभाग आणि ८१ नगरसेवक, म्हणजे एका भागाला एक माणूस. गटार तुंबलं की सकाळी दूध आणायला जाताना त्याच्या दाराची कडी वाजवता यायची. तो नाही तर त्याची आई चार शब्द ऐकून घ्यायची, आणि पोरगा घरी आला की त्याला ऐकवायची. आता एका प्रभागाला चार-चार सदस्य. गटार कुणाचं, दिवा कुणाचा, कचऱ्याचा कोंडाळा कुणाचा? एकाकडे जावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कारण मतं सगळ्यांनी मिळून घेतली आणि जबाबदारी कुणाच्याच नावावर नाही. अशा व्यवस्थेत माणूस कितीही नम्र असला तरी त्याचा उपयोग काय?

सरकारी अधिकाऱ्यांना निदान लोकशाही दिन तरी आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार घेऊन जाता येतं. तिथं दर वेळी न्याय मिळतो असा माझा दावा नाही, पण वार ठरलेला आहे, अर्जाची नोंद होते आणि साहेब कुठं आहेत हे कुणाला विचारावं लागत नाही. आमदार, खासदार, नगरसेवक यांनी असा एक वार का ठरवू नये? स्वतःच्या बंगल्यावर नको. तिथं चप्पल कुठं काढायची इथपासूनच माणूस बुजतो. प्रभागातल्या शाळेत किंवा तालमीत टेबल मांडावं, वही ठेवावी, आलेल्याचं काम त्यात लिहावं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यासमोर ते होणार की नाही याचं उत्तर लिहावं. शेजारी कार्यकर्त्यांचा घोळका नको. त्यांच्या देखत म्हातारी बाई नळाच्या पाण्याचं बोलेल, पण पेन्शन अडवणाऱ्याचं नाव घेणार नाही.

आपल्याला एकच विनंती. मिसळीच्या फोटोला जेवढी जागा देता, तेवढीच एक चौकट दर सोमवारी छापा: प्रभाग क्रमांक, सदस्याचं नाव, बसण्याचं ठिकाण, वेळ. जो वेळ कळवणार नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी सोडा.

आपला,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर