'लोक नीट वापरत नाहीत' म्हणजे संशोधन अर्धवट राहिलंय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात इंजिनिअरिंग आणि सार्वजनिक आरोग्य यातल्या संशोधनावर जो लेख आला तो मी दोनदा वाचला. लेख तळमळीने लिहिलाय यात शंकाच नाही. पण त्यातला एक मुद्दा दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, की उपकरणं चांगली बनतात पण लोक ती नीट वापरत नाहीत आणि त्यामुळे आता जनजागृती करायला हवी. हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं रिपोर्टांच्या शेवटच्या पानावर वाचत आलेय, एके काळी स्वतःही लिहिलंय, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. पीएचडीचा विषय पेशंट मॉनिटरचे अलार्म. आयसीयूत बेडच्या डोक्याशी तो स्क्रीन असतो ना, ज्यावर ईसीजीची रेघ पळत असते आणि ठोके किंवा ऑक्सिजन जरा वरखाली झालं की जो ओरडायला लागतो, त्याचं उगाचचं ओरडणं कमी करायचं होतं. दोन वर्षं लॅबमध्ये बसून फिल्टर तयार केला, रेकॉर्ड केलेल्या सिग्नलवर तो झकास चालला, आणि मग पहिल्यांदा रात्रपाळीला वॉर्डात जाऊन उभी राहिले तर पहिल्याच मॉनिटरच्या स्पीकरच्या जाळीवर कापसाचा बोळा, वरून मायक्रोपोर टेपच्या दोन पट्ट्या, एक आडवी एक उभी, आणि टेपच्या कडा काळपट झालेल्या म्हणजे हे काही आजचं काम नव्हतं. माझं डोकंच सणकलं. सिस्टरना जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे काय आहे, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा.

त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, पेशंट कुशीवर वळला तरी हे ओरडतं, खोकला तरी ओरडतं, बोटाची क्लिप सरकली तरी ओरडतं. माझ्याकडे तीन बेड आहेत. आणि त्या आजोबांना चार रात्री झोप नाही, तुम्ही बसा ना इथे थोडा वेळ."

बसले. स्टूल ओढून वही उघडून पहाटेपर्यंत प्रत्येक अलार्मची खूण करत बसले, आणि शेजारी कारण लिहीत गेले. सकाळी खुणा मोजल्या तर सगळ्यात जास्त अलार्म कशाचे होते, तर छातीवर लावलेल्या इलेक्ट्रोडच्या स्टिकरखालचं जेल वाळल्यामुळे सिग्नल तुटत होता त्याचे. दुसरा मोठा गठ्ठा मर्यादांचा, म्हणजे ठोके किती वरखाली झाले की अलार्म वाजायचा त्या आकड्यांचा; मशीन जसं आलं तशाच फॅक्टरी सेटिंगवर सगळे पेशंट, मग तो तरुण असो नाहीतर वर्षानुवर्षं ठोके कमीच असलेला म्हातारा माणूस असो. माझा फिल्टर यातल्या फारच थोड्यांना उपयोगी पडला असता. दोन वर्षं मी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते तो वॉर्डातला मुख्य प्रश्नच नव्हता.

हे एकाच वॉर्डचं दुखणं आहे असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१४ साली एक अभ्यास छापला, त्यात पाच आयसीयूंमधल्या ७७ बेडवरचे ३१ दिवसांचे सगळे अलार्म साठवले, ते भरले २५ लाखांच्या वर. त्यातले ऐकू येणारे तेवढे धरले तरी एका बेडमागे दिवसाला १८७, म्हणजे साधारण आठ मिनिटांना एक. ठोक्यांच्या लयीबद्दलचे जे साडेबारा हजारांवर अलार्म त्यांनी एकेक करून तपासले त्यातले ८८ टक्क्यांहून जास्त खोटे निघाले. आता मला सांगा, दहातले जवळपास नऊ वेळा खोटं बोलणाऱ्याचं कोण ऐकेल? ज्या सिस्टरने बोळा लावला ती निष्काळजी नव्हती, तिचा मेंदू जसा चालायला हवा तसाच चालत होता. बोळा धोक्याचाच होता हे मी आजही म्हणते, पण तो धोका डिझाइनमध्ये आधीच तयार झालेला होता, तिने फक्त तो झाकला.

यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि तिथून खरी परवड सुरू झाली. इंजिनिअरिंगच्या कमिटीने विचारलं की यात इंजिनिअरिंग कुठे आहे, हे तर नर्सिंगचं झालं. मेडिकलवाल्यांनी विचारलं की यात पेशंटचा काय फायदा मोजलाय, मृत्यूचे आकडे कुठेत. मानसशास्त्राच्या एका परीक्षकांनी विचारलं की प्रमाणित प्रश्नावली का नाही वापरली, वहीत खुणा करणं ही काय पद्धत झाली? तिघांचे प्रश्न आपापल्या जागी बरोबर होते हो, मी कुणाला दोष देत नाही, पण शेवटी ते प्रकरण परिशिष्टात गेलं आणि फिल्टरचं प्रकरण पुढे आलं कारण त्यात समीकरणं होती. थिसिसमधला सगळ्यात खरा भाग शेवटी पाठीमागे लहान टायपात छापला गेला.

वाईट याचं वाटतं की हे शहाणपण जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची, कारण पायलट पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या झडपा, आवरायच्या ऐवजी चाकंच आत ओढायचे. पायलटची चूक म्हणून फाइल बंद होत होती. अल्फान्स चॅपॅनिस नावाच्या माणसाने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर दोन्हीचे कंट्रोल शेजारी शेजारी आणि दिसायला-हाताला सारखेच. त्याने काय केलं तर चाकांच्या कंट्रोलवर छोटं रबरी चाक बसवायचं आणि फ्लॅपच्या कंट्रोलवर पाचरीसारखा आकार, म्हणजे अंधारात, थकलेल्या हातालाही कळेल की आपण काय धरलंय. हा चॅपॅनिस मानसशास्त्रज्ञ होता बरं का, इंजिनिअर नव्हता. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराचीच असते.

ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याच्या मशीनला छोटे सिलिंडर लावतात तिथेही तेच. सिलिंडरच्या तोंडाशी दोन भोकं असतात आणि मशीनच्या बाजूला दोन खिळे, त्यांच्या जागांना क्रमांक ठरलेले, ऑक्सिजनची जागा २ आणि ५, नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या गॅसची ३ आणि ५, त्यामुळे चुकीचा सिलिंडर बसतच नाही. तिथे 'सिलिंडर काळजीपूर्वक लावा' असं पोस्टर लावून भागवलं असतं तर किती पेशंट गेले असते याचा विचारही करवत नाही.

आणि विद्यापीठातली ही वेगवेगळी खाती एकमेकांचं वाचत नाहीत तेव्हा काय होतं हे आपण सगळ्यांनी कोविडमध्ये भोगलंय. विल्यम वेल्स हा सॅनिटरी इंजिनिअर, त्याने १९३४ मध्येच मांडलं होतं की तोंडावाटे उडालेले साधारण १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब लगेच खाली पडतात आणि त्याहून लहान असतात ते हवेतच वाळून तरंगत राहतात. पुढे टीबीच्या अभ्यासातून दुसराच एक आकडा आला, ५ मायक्रॉन, तो होता फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत कुठला कण पोचू शकतो त्याचा. हे दोन आकडे कधीतरी एकमेकांत मिसळले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ५ मायक्रॉनच्या वरचं सगळं खाली पडतं असं बसून गेलं. २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की हा विषाणू हवेतून पसरत नाही, जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीरपणे सांगितलं की हवेकडे लक्ष द्या, आणि स्पष्ट कबुली यायला २०२१ उजाडलं. तोवर आपण खोक्यांवर, पिशव्यांवर सॅनिटायझर मारत बसलो आणि खिडक्या बंदच राहिल्या. हा गोंधळ नेमका कुठे झाला ते शोधून काढणाऱ्या गटात हवेतल्या कणांचा अभ्यास करणारी लिन्सी मार ही इंजिनिअर होती आणि तिच्यासोबत इतिहासाचे अभ्यासक होते, जुने कागद उकरायला. एकट्या कुठल्याच खात्याला ते सापडलं नसतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता जनजागृतीबद्दल. ती नकोच असं मी म्हणत नाही. बांगलादेशात जंतू असलेलं तळ्या-नदीचं पाणी पिऊ नये म्हणून लाखो कूपनलिका, म्हणजे हातपंपाच्या बोअरवेल, खोदल्या, हेतू चांगलाच होता, पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे हे १९९० च्या दशकात लक्षात आलं, त्याला ना वास ना चव ना रंग. मग विहिरी तपासून पंप रंगवले, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. कोलंबिया विद्यापीठाचा जो गट २००० पासून तिथल्या आराइहाजार तालुक्यात काम करतोय त्यात भूशास्त्रज्ञ, आरोग्यवाले, समाजशास्त्रवाले सगळे आहेत, म्हणून त्यांना दोन्ही गोष्टी दिसल्या. माहिती मिळाल्यावर बरेच लोक खरंच दुसऱ्या विहिरीवर गेले. आणि हिरवा पंप लांब असला की जाणारे कमी झाले. भरलेली कळशी कमरेवर घेऊन दिवसातून चार खेपा घालणाऱ्या बाईला लाल रंगाचा अर्थ कळत नाही असं नाही, तिला अंतर परवडत नाही. म्हणजे पुढची सुरक्षित विहीर कुठे खोदायची हा प्रश्न आला, आणि तो तर इंजिनिअरिंगचा प्रश्न झाला! वर्तनाचा अभ्यास केला म्हणून तो नकाशावर आला.

सर्जरीच्या चेकलिस्टचंही, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मोठ्याने वाचून तपासायच्या यादीचंही, थोडक्यात सांगते. २००९ मध्ये आठ शहरांतल्या हॉस्पिटलांचा निकाल आला, ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. २०१४ मध्ये कॅनडात ओंटारिओतल्या १०१ हॉस्पिटलांचा निकाल आला, लक्षात घेण्याजोगा फरक नाही. दोन्हीकडे चेकलिस्टच. फरक कशामुळे यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण तो ती यादी कशी आणली, कोणी मोठ्याने वाचली, सर्जन थांबला का, ज्युनिअर सिस्टरला मध्ये बोलायची मुभा होती का, इथेच शोधायला लागणार, आणि हे मोजायला तिथे उभं राहणारं माणूस लागतं.

म्हणून संपादक महाशय, माझी विनंती सरळ आहे. विद्यापीठांनी अशा विषयाला दोन वेगळ्या खात्यांचे गाइड सुरुवातीपासून द्यावेत, शेवटच्या वर्षी नावापुरता को-गाइड नको. ग्रँटच्या अर्जात प्रत्यक्ष निरीक्षणाला वेळ आणि पैसा यांचं स्वतंत्र खातं असावं, आणि ते प्रोटोटाइपच्या आधी यावं. 'चाललं नाही' असे निकालही छापले जावेत. आणि ज्या सिस्टर, टेक्निशियन, आशाताई या कामात रात्री घालवतात त्यांची नावं पेपरच्या वर लेखकांमध्ये यावीत, शेवटी आभारात नव्हे. माझ्या पेपरमध्येही त्या सिस्टरचं नाव आभारात गेलं, ते मी तेव्हा भांडून बदलून घ्यायला हवं होतं, नाही घेतलं.

त्या वॉर्डात पुढे एवढंच केलं की रोज सकाळी स्पंजिंगच्या वेळीच इलेक्ट्रोड बदलायचे, वेगळी पाळी लावायची नाही, कारण तेव्हा पेशंटचा शर्ट तसाही काढलेला असतो. ही वेळ सिस्टरनीच सुचवली, मी दुपार धरली होती. आणि राउंडला डॉक्टरांनी प्रत्येक पेशंटच्या मर्यादा बघून सही करायची. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा जाळीवर टेपचा चिकटपणा तेवढा उरला होता आणि कुणीतरी स्पिरिटने तो पुसत होतं.

कळावे,
आपली एक वाचक