टॅनचं क्रीम फक्त गोऱ्यांसाठी नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी टॅन देणाऱ्या क्रीमवर लेख वाचला. ही गोऱ्या लोकांची हौस, आपल्याकडे एप्रिलात स्कार्फ न बांधता गाडीवर रविवार कारंजापर्यंत जाऊन आलं की फुकटात काम होतं, असा त्याचा सूर होता. हसू मलाही आलं. पण मी ते क्रीम नेमाने वापरते. मला कोड आहे. डागाच्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, त्यामुळे ऊन लागलं की ती जागा सावळी होत नाही, भाजते.

मी मेन रोडला साडीच्या दुकानात काउंटरला असते. येवल्याची पैठणी दाखवायची म्हणजे पदर हातावर घ्यायचा, मोरावरून बोट फिरवायचं. गिऱ्हाईक मोर बघतं आणि बोटही बघतं. माझ्या उजव्या हाताच्या पेरांवर आणि मनगटाशी डाग आहेत. कोड शिवल्याने होत नाही, हे प्रत्येकीला गादीवर बसवून समजावत राहिले तर साडी विकायची कधी? (दूध आणि मासे एकत्र खाल्लेस का गं, असं विचारणाऱ्या मावश्या वेगळ्याच.)

बाटलीवर डीएचए असं लिहिलेलं असतं, ते रंग आणणारं रसायन म्हणजे डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात एव्हा विटगेनस्टाईन या संशोधक एका दुर्मिळ आजाराच्या मुलांना ते तोंडावाटे देत होत्या. अंगावर सांडलं तिथे कातडी तपकिरी झाली, कपड्यांवर मात्र डाग नाही. मग बाईंनी स्वतःच्या हातावर लावून पाहिलं. कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन हा रंग येतो. तव्यावरच्या भाकरीला रंग चढतो, त्याच जातीची ही क्रिया. रंगपेशी असोत वा नसोत, तिला फरक पडत नाही. म्हणून कोडाच्या डागावरही तो चढतो. आपल्या लेखात नेमकं हेच नव्हतं.

लेखात ‘सगळीकडे सारखं चोळा’ असं लिहिलंय. आमच्यासारख्यांनी तसं केलं तर डागाभोवतीची कातडीही गडद होते आणि डाग होता तसाच उठून दिसतो. मी आदल्या रात्री ओल्या खरखरीत पंच्याने हात हलकेच पुसते. डागावर खसाखसा घासायचं नाही. हात पूर्ण कोरडा झाला की कानात घालायच्या कापसाच्या काडीने डागाच्या आतल्या आत क्रीम लावते, कडेच्या किंचित अलीकडे थांबते. पेरांवर कातडी जाड आणि सुरकुतलेली, तिथे रंग जास्त धरतो; आधी व्हॅसलीनचा नुसता पुसट हात फिरवला की पट्टे पडत नाहीत. लावून झाल्यावर तळवे आणि नखं लगेच साबणाने धुवायची, नाहीतर सकाळी हळद कुटल्यासारखे हात. रंग दोन-चार तासांनी दिसू लागतो. एकदम गडद करायला जायचं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा पातळ थर, आपल्या रंगाशी जुळेपर्यंत. जास्त झालं की पिवळट-नारिंगी दिसतं आणि कोणालाही कळतं. वासही थोडा येतो, तो सकाळपर्यंत जातो. अंगावर हा रंग आठवडाभर टिकतो, पण भांडी घासणाऱ्या हातांवर एवढा नाही. पहिल्यांदा लावणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर वाट बघावी, आणि कोड असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारावं. या रंगाने उन्हापासून बचाव होत नाही. सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.

खरी अडचण पुढेच आहे. मेडिकलमध्ये टॅनचं क्रीम मागितलं की समोर टॅन घालवायचं येतं. ‘घालवायचं नाही, आणायचं आहे’ म्हटलं की माणूस आपल्याकडे असा बघतो की विचारू नका. मग ऑनलाइन मागवायचं, तिथे कित्येक बाटल्यांवर डीएचए किती टक्के हे लिहिलेलंच नसतं. युरोपात अशा क्रीमला १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. चेहऱ्या-हातांना तेवढं लागतही नाही.

आणि हे मिळत नाही म्हणून लग्नसराईत मुली काय करतात, तर डाग झाकायला काळी मेंदी. तिच्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं. ते सोसलं नाही तर फोड येतात, आणि कोडात जिथे कातडी दुखावते तिथे नवा डाग उठू शकतो. एका डागापायी दुसरा!

तेव्हा विनंती अशी, की पुरवणीत हा विषय पुन्हा घ्यावा आणि या वेळी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावा. गव्हाळ आणि सावळ्या रंगाला किती टक्क्यांचं क्रीम चालतं, लहान मुलांच्या डागांवर ते लावावं का, हे त्यांनी सांगावं. शक्यतो लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या आत छापा.

आपली,
मेन रोडवरची एक साडीविक्रेती, पंचवटी, नाशिक
(दुकानात उगाच चर्चा नको, म्हणून नाव छापू नये.)