गप्प राहून पाहणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या तुमच्या बालवाडीत रंग, लहान-मोठं, मोजणी शिकवणारे आमचे नवे चित्रकार्डांचे संच तुम्ही मुलांच्या हाती देऊन पाहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘छान आहे, मुलांना आवडलं’ एवढं कळवून मोकळं होता आलं असतं, पण तसल्या अभिप्रायाने साहित्यात काहीच सुधारत नाही. मूल कुठे अडलं, त्याचा हात आधी कुठल्या कार्डाकडे गेला, मदत कधी करावी लागली, हे सगळं तुम्ही लिहून दिलंत.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही गप्प राहिलात. बाईंची नजर बरोबर कार्डावर गेली की तीन-चार वर्षांचं पोर ती नजरच ओळखतं. मग उत्तर कार्डामुळे आलं की बाईंमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. एका वेळी पाचच मुलं, सूचना एकदाच, आणि मूल चुकत असलं तरी हात मागे. भरल्या वर्गात हे किती अवघड असतं याची कल्पना आहे. बाकीच्या पोरांना मदतनीस मावशींनी अंगणात गुंतवून ठेवलं म्हणून ते साधलं. त्यांचेही आभार.

रंगांच्या संचात लाल गटात सगळे टोमॅटो, पिवळ्यात केळी आणि हिरव्यात मिरच्या होत्या. मुलांनी गट पटापट लावले. तुम्ही त्यात एक लाल मिरची आणि एक हिरवा टोमॅटो मिसळलात, आणि बहुतेकांनी लाल मिरची हिरव्या मिरच्यांतच नेऊन ठेवली. म्हणजे मुलं वस्तू जुळवत होती, रंग नाही. आता आधी एकाच मापाच्या चकत्या येतील, फक्त रंग वेगळे. त्या जमल्या की मग चित्रं, आणि तीही एकच वस्तू निरनिराळ्या रंगांत.

लहान-मोठ्याच्या कार्डांवर हत्तीही कार्डभर आणि मुंगीही कार्डभर. “बाई, दोन्ही एवढंच हाईत की!” असं म्हणणाऱ्या पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. ही जोडी आता एकाच कार्डावर येईल, आणि त्याआधी खरा तांब्या नि खरी घागर हाताळायला द्यायची, ही तुमची सूचना तशीच्या तशी घेतली आहे.

मोजणीतली अडचणही तुमच्यामुळेच कळली. ठिपके गोलात असले की मोजायला कुठून सुरुवात केली ते मुलाला आठवत नाही, बोट फिरतच राहतं आणि पाचाचे सात होतात. ठिपके आता एका ओळीत, मध्ये बोट मावेल एवढं अंतर सोडून. चिंचोके मात्र संचातून काढले. ते नाकात, तोंडात जातात. त्यांच्या जागी रिकाम्या काडेपेट्या चालतील.

घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने गट बरोबर लावून नावं कन्नडमध्ये सांगितली, तिथे तुम्ही गटाच्या रकान्यात ‘बरोबर’ लिहिलंत आणि नावासाठी वेगळा रकाना आखलात. नोंदवहीचा नमुना आम्ही तसाच करतो आहोत.

कार्डं टिकण्याचा प्रश्न तुमच्याकडच्या पावसाने उघडा पाडला. लॅमिनेशन करून मग कापलेल्या कार्डांची कागदी कड उघडी राहते, ओल आत शिरते आणि कोपरे वळतात. म्हणून कार्ड आधी कापायचं, मग लॅमिनेट करायचं, चारी बाजूंनी चार-पाच मिलिमीटर प्लास्टिकची कड ठेवायची आणि टोकं गोल करायची. दाराकडून येणाऱ्या उजेडात चकचकीत पृष्ठभागावरचं चित्रच दिसत नव्हतं, तेव्हा आता मॅट, म्हणजे न चमकणारं प्लास्टिक. मुलं गोल बसली तर समोरच्यांना चित्र उलटं दिसतं. अर्धगोलात बसवायची ही ओळ सूचनापत्रकात सगळ्यात वर घातली आहे.

सुधारलेला संच लवकरच पाठवतो. या खेपेला तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाल का? क्रम लावण्याच्या खेळात लहानग्यांना तीनच कार्डं द्या, पाच दिली की ती रचून ढीग करतात, हे तुमचंच निरीक्षण आहे.

आपले,
संच तयार करणारे आम्ही सगळे