दाजीचा नंबर

प्रिय नंदू,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसला असतास, म्हणून पत्र. तब्येत बरी. साखर आहे तिथंच आहे.

दाजीचा नंबर मी खोडलेला नाही. तूही खोडला नसशील. परवा व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर 'दाजी' नावाशेजारी गॉगल लावलेला कुणी पोरगा, स्कूटरवर. हादरलोच रे. पुतण्या म्हणाला, बंद नंबर कंपनी किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देते, आणि १२० दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सअ‍ॅपवालेही काढून टाकतात. म्हणजे सगळं नियमातच!

डिसेंबरात पणजीत मळ्याजवळच्या जुन्या घरात जे मांडायचंय, ते यावरच करतोय. मलमलीचे नऊ पडदे, एकामागे एक. एका टोकाच्या प्रोजेक्टरमधून दाजी, समोरून तो पोरगा (खरा नव्हे, पुतण्यालाच गॉगल घालून बसवलाय). पहिल्या पडद्यावर मिशीचा केसन्‌केस दिसतो. प्रत्येक कापड थोडा उजेड अडवतं, उरलेला पुढं सोडतं, झोत पसरत जातो. पाचव्यावर दाजी मोठा आणि फिकट, पोरगाही तसाच. दोघांचा मिळून तिसराच कुणी. बिल व्हायोला या व्हिडिओ कलाकारानं १९९५ला व्हेनिसमध्ये नऊ पडद्यांवर बाई-पुरुष असेच भेटवले होते. चोरी म्हण हवं तर. तुझ्या मते आल्तिनोच्या कॉलेजपासून मी चित्रकार नाहीच, मंडपवाला.

घोर वेगळाच आहे. वहिनी बघायला येतायत. चतुर्थीला त्यांनी त्याच नंबरवर 'नेवऱ्या झाल्या' असा मेसेज टाकला आणि तिकडून अंगठा आला, असं त्यांची मुलगी सांगत होती. आता त्यांना ठाऊक आहे की नाही? फोटो एवढासा, चष्मा कायम कपाटावर. की कळूनच टाकला? दाजी असता तर म्हणाला असता, 'पोराला बोलाव, नेवऱ्या दे.' कवळ्याच्या नाटकात तलवार विसरून छत्रीनं लढलेला माणूस तो.

वहिनी चारला येते म्हणतात. त्या वेळी शिंपल्यांच्या खिडक्यांतून एवढा दुधी उजेड येतो की पडद्यांवर काहीच धड दिसत नाही. चारलाच येऊ देत, की सातला या म्हणू? की पोराचा प्रोजेक्टर तेवढा बंद ठेवू? मग ते माझं काम राहत नाही.

लेकीला पुण्यात प्रवेश मिळाल्याचं कळलं, छानच. घराला रंग काढलास म्हणे, निळा नको लावूस.

वहिनी तुझं ऐकतात. रविवारच्या आत त्यांना फोन कर. आडून आडून विचार, आणि मला वेळ कळव.

तुझा,
बाळू